काडतूस महागले, दुसरी पायरी कोण चढणार?

युक्रेनमधील युद्धाला फेब्रुवारी २०२२ मध्ये तोंड फुटले, तेव्हा आपल्या बाजारात पहिली ओरड सूर्यफुलाच्या तेलाची झाली. पाठोपाठ खतांचा विषय निघाला, इंधनाचा निघाला. एका वस्तूचे नाव मात्र या यादीत कधी आले नाही. ती वस्तू म्हणजे .२२ चे काडतूस. इंचभर लांबीचे, पितळी नळीचे, पुढच्या टोकाला अडीच ग्रॅमहून किंचित जड शिशाची गोळी असलेले हे काडतूस नेमबाजीच्या रायफलीत घालतात. त्याचे गिऱ्हाईक थोडे, म्हणून ओरडही थोडी. परंतु ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी पन्नास मीटर रायफल या प्रकारात उतरली आहे, त्या घराचा मासिक हिशेब या इंचभर वस्तूने विस्कटून टाकला आहे. गोव्यासारख्या लहान राज्यात हा क्रीडाप्रकार पुढील दहा वर्षांत उरेल की नाही, हा प्रश्नही आता त्याच हिशेबाशी येऊन थांबतो.

काडतुसांची महागाई आणखी एका वर्गाला जाचते, त्याचा उल्लेख आधीच करून ठेवतो. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत. त्यांच्या बंदुकीत बहुधा बारा बोअरचे काडतूस असते, रायफलची गोळी नसते. आणि त्यांचा खरा झगडा किमतीपेक्षा वन्यजीव संरक्षण कायद्याशी व नुकसानभरपाईच्या फायलींशी आहे. तो स्वतंत्र विषय असल्याने येथे नेमबाजांपुरतेच बोलू.

भाववाढीचा भार समजून घेण्यासाठी काडतुसाची नेमकी किंमत ठाऊक असण्याचीही गरज नाही. आठवड्यातून पाच दिवस सराव आणि दिवसाला ६० गोळ्या असे धरू. ‘थ्री पोझिशन’च्या पात्रता फेरीत गुणांसाठी तेवढ्याच झाडायच्या असतात : २० गुडघ्यावर बसून, २० पालथे पडून, २० उभ्याने. आठवड्याला ३०० गोळ्या झाल्या. परीक्षा, आजारपण, सणवार वजा जाता वर्षाचे ४८ आठवडे धरले, तर १४,४००. म्हणजे एका गोळीमागे एक रुपया वाढला की घरातून वर्षाला १४,४०० रुपये जास्त जातात. पाच रुपये वाढले तर ७२,०००. दहा वाढले तर १,४४,०००. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला वर्षाकाठी १,२०,००० रुपये हातखर्च मिळतो, हे या आकड्याशेजारी ठेवून पाहावे. शिवाय दिवसाला ६० ही काही उधळपट्टी नव्हे. मोठ्या स्पर्धेच्या तयारीतला नेमबाज याहून पुष्कळ जास्त झाडतो.

ही वाढ आली कोठून? ‘धातू महागले’ हे उत्तर सर्वांच्या तोंडी असते, आणि ते अगदीच खोटे नाही. लंडनच्या धातुबाजारात तांबे २०२० च्या टाळेबंदीत टनामागे ५,००० डॉलरच्या खाली गेले होते. २०२५ च्या अखेरीस ते ११,००० च्या पुढे होते. काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे असते. परंतु .२२ च्या नळीचे वजन अर्ध्या ग्रॅमहून थोडेसेच अधिक भरते. त्यातल्या तांब्याची किंमत काढली तर ती जुन्या भावाने वीस पैशांच्या आत आणि नव्या भावाने पन्नास पैशांच्या आत निघते. शिशाचा भाव तर या काळात फारसा हललाच नाही. गोळीतले सगळे शिसे मिळून अर्ध्या रुपयाच्या आसपासचे. अँटिमनी नावाचा धातू मात्र खरोखरच भडकला. शिसे कठीण करण्यासाठी तो मिसळतात, आणि काडतूस पेटवणाऱ्या मिश्रणातही त्याचा एक क्षार वापरला जातो. चीनने सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेला तो देणेच बंद केले. तरीही एका .२२ काडतुसात अँटिमनी किती लागणार? चिमूटसुद्धा नाही. तेव्हा धातूंच्या खात्यावर पैशांचा हिशेब लागतो, रुपयांचा लागत नाही.

रुपये वाढले ते तीन निराळ्या कारणांनी. पहिले कारण दारूचे. आजची काडतुसाची दारू नायट्रोसेल्युलोजपासून होते आणि नायट्रोसेल्युलोज कापसापासून. नेमके सांगायचे तर सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूपासून. युरोपातील कारखाने या तंतूसाठी मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून आहेत. युद्ध सुरू होताच तोफगोळ्यांची मागणी कित्येक पटींनी वाढली. युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये दारूगोळ्याचे उत्पादन वाढवण्यासाठी ५० कोटी युरोंचा खास कायदाच केला. जी दारू तोफगोळ्याला लागते ती जशीच्या तशी .२२ मध्ये घालत नाहीत हे खरे, पण कच्चा माल, रसायने, यंत्रे आणि त्यांवर काम करणारी जाणकार माणसे बरीचशी तीच. फेडरल, सीसीआय आणि रेमिंग्टन या नावांनी काडतुसे विकणाऱ्या अमेरिकेतील व्हिस्टा आउटडोअर कंपनीने २०२४ च्या सुरुवातीस आपल्या ग्राहकांना भाववाढ कळवली, तेव्हा दारूची जागतिक टंचाई हेच कारण दिले होते.

दुसरे कारण मालकीचे. ऑलिंपिक दर्जाची .२२ काडतुसे करणारे कारखाने जगात मोजके आहेत : इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळचे एली, जर्मनीतील आरडब्ल्यूएस, आणि जर्मनीतच शोनेबेक येथे लापुआ व एसके या नावांनी निघणारा माल. यांपैकी आरडब्ल्यूएस हे नाव २०२२ पासून इटलीच्या बेरेटा समूहाकडे आहे. लापुआ व एसके ही नावे नॉर्वेच्या नाम्मो कंपनीची. आणि नाम्मो तर १५५ मिलिमीटरचे तोफगोळे करणाऱ्या युरोपातील प्रमुख कंपन्यांपैकी एक. अशा घरात गुंतवणुकीचा प्रश्न निघाला की नेमबाजांचे काडतूस रांगेत कितव्या क्रमांकावर उभे राहील, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

तिसरे कारण आपल्या घरचे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. २०२२ च्या प्रारंभी एका युरोला ८५ रुपयांच्या आसपास मोजावे लागत. २०२५ मध्ये युरोने शंभरी ओलांडली. डिसेंबरमध्ये डॉलरही ९० च्या पार गेला. म्हणजे जर्मन कारखानदाराने किंमत एका सेंटनेही वाढवली नसती, तरी आपल्या नेमबाजाला तेच खोके जवळपास वीस टक्के महाग पडले असते. त्यावर आयातीचा परवाना, स्फोटक मालाच्या नियमांखाली होणारी वाहतूक, विमा, कर आणि विक्रेत्याचा वाटा. खोकी थोडी मागवली, तर यातला बहुतेक खर्च प्रत्येक गोळीवर जास्त बसतो. लहान राज्याला महागाई मोठ्या राज्यापेक्षा जास्त बोचते ती याच जागी.

महागाईत माणूस स्वस्त पर्यायाकडे वळतो. सूर्यफूल महागले की घर पामतेलावर येते. नेमबाजाला ही सोय नाही, कारण त्याचे काडतूस नुसते नावाने ठरत नाही, ‘लॉट’ने ठरते. एकाच कंपनीच्या, एकाच छापाच्या काडतुसांचे निरनिराळे लॉट एकाच रायफलीतून निरनिराळे वागतात. म्हणून जाणते नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट बसवून एकेका लॉटच्या गोळ्या पन्नास मीटरवर झाडतात आणि कोणत्या लॉटचा घोस सर्वांत आवळ पडतो ते मोजतात. एली आणि लापुआ यांनी यासाठी आपल्या कारखान्यांत चाचणीची सोय केलेली आहे, आणि जगभरचे नेमबाज आपली नळी घेऊन तेथे जातात. पन्नास मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, आणि गोळी स्वतःच ५.६ मिलिमीटर जाडीची. एवढ्याशा जागेत लॉटचा दोन-तीन मिलिमीटरचा लहरीपणा शिरला, तर चूक हाताची की काडतुसाची हेच शिकणाऱ्या मुलाला कळेनासे होते. चांगला लॉट सापडला की तो वर्षभराचा एकदम घेऊन ठेवायचा, हा या खेळातला रूढ शहाणपणा आहे. त्यासाठी लागणारी रक्कम एकरकमी लागते, आणि ती हप्त्याने मिळत नाही.

परदेशांत मोठ्या रायफलींचे शौकीन वापरलेल्या नळ्या घरीच पुन्हा भरून महागाईवर मात करतात, असे वाचनात येते. तो उपाय येथे लागूच पडत नाही. .२२ च्या काडतुसात पेटवणारे मिश्रण नळीच्या बुडाच्या कडेत आतून भरलेले असते, आणि रायफलची पिन ती कडच चेपते. एकदा झाडलेली नळी मोडीत जाते. मोठ्या काडतुसाची टोपी बदलता येते, याची येत नाही. शिवाय परवान्याशिवाय काडतूस भरणे हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे, हे वेगळेच.

मग आपले नेमबाज करतात काय?

सर्वांत जुना उपाय म्हणजे गोळीविना सराव, ज्याला रेंजवर ‘ड्राय प्रॅक्टिस’ म्हणतात. पवित्रा घ्यायचा, श्वास सोडायचा, नेम स्थिर करायचा, चाप ओढायचा, नळी रिकामी. याला गरिबाचे समाधान समजण्याचे कारण नाही. जगातले उत्तम नेमबाजही सरावाचा मोठा भाग असाच करतात, कारण गोळी सुटण्याच्या आवाजाने आणि धक्क्याने झाकल्या जाणाऱ्या चुका रिकाम्या नळीत उघड्या पडतात. त्याला जोड म्हणून नळीवर बसवायचे इलेक्ट्रॉनिक उपकरण आले. ‘स्कॅट’ या रशियन बनावटीच्या नावाने ते आपल्याकडेही सर्वपरिचित आहे. नेमाची रेघ संगणकाच्या पडद्यावर कशी थरथरत गेली, ते त्यात दिसते. एकदा घेतले की वर्षानुवर्षे चालते आणि त्याला काडतूस लागत नाही. एखाद्या संस्थेने असे एक यंत्र घेऊन दहा मुलांना वापरू दिले, तर तेवढ्याने पुष्कळ गोळ्या वाचतात.

पण सगळ्या वाचत नाहीत. पन्नास मीटरचा खेळ उघड्यावरचा. तेथे वारा आहे, आणि किनाऱ्यालगतच्या आपल्या भागात दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा कसा फिरतो हे वेगळे सांगायला नको. वाऱ्याचे निशाण वाचून कधी थांबायचे आणि कधी झाडायचे, ही विद्या रिकाम्या नळीने येत नाही. धक्क्यानंतर रायफल पुन्हा त्याच जागी येऊन बसते का, हेही खऱ्या गोळीशिवाय कळत नाही. त्याहून सूक्ष्म नुकसान मनाचे होते. प्रत्येक गोळी किती रुपयांची आहे हे डोक्यात असलेले मूल चाप ओढताना अडखळते. नेम जरा हलला की ते थांबते, पुन्हा घेते, पुन्हा थांबते. काटकसरीची ही सवय सरावात जडली की स्पर्धेत घड्याळाच्या विरोधात ती अंगाशी येते. हे निरीक्षण कोणत्याही प्रशिक्षकाला विचारून पडताळता येईल.

तिसरा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत दूरगामी : .२२ कडे जायचेच नाही. दहा मीटरच्या एअर रायफलीला दारू लागत नाही. दाबलेल्या हवेवर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. तो काडतुसाच्या मानाने कितीतरी स्वस्त. २० ज्यूलच्या आतील ताकदीच्या आणि त्या मापाच्या एअर रायफलीला शस्त्रपरवानाही लागत नाही, आणि रेंज एखाद्या शाळेच्या सभागृहातही उभी राहते. म्हणून आपल्याकडे नेमबाजीचे शिक्षण दहा मीटरवर सुरू होते. ते योग्यच आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. पहिल्या पायरीवर उभी असलेली मुले दुसरीवर पाऊल टाकताना काडतुसाचा भाव विचारतात आणि मागे फिरतात. भारताला ऑलिंपिकमध्ये रायफलीने आजवर तीन पदके दिली. त्यांतली दोन, म्हणजे २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राचे सुवर्ण आणि २०१२ मध्ये लंडनला गगन नारंगचे कांस्य, दहा मीटरची आहेत. पन्नास मीटरचे एकच, आणि ते यायला २०२४ उजाडावे लागले.

ते पदक राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी मिळवले. पात्रता फेरीत ५९० गुण, अंतिम फेरीत ४५१.४ आणि कांस्य. शिक्षकाच्या घरातला हा मुलगा महाराष्ट्राच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि पुढे मध्य रेल्वेत नोकरीला लागला. त्याच्या सरावासाठी वडिलांनी कर्ज काढल्याच्या बातम्या पदकानंतर सर्वत्र छापून आल्या; तत्पूर्वी त्या कर्जात कोणाला बातमी दिसली नव्हती. पदकानंतर महाराष्ट्र सरकारने एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. खेळाडूचा तो हक्कच आहे, आणि त्यात काही कमी-अधिक करावे असे मी सुचवत नाही. पण त्याच आकड्याने दुसरा एक हिशेब मांडून पाहावा. समजा सर्व खर्च धरून एक आयात काडतूस ५० रुपयांना पडले, तर एक कोटीत दोन लाख काडतुसे येतात. वर्षाला दहा हजार गोळ्या या हिशेबाने ती वीस मुलांना वर्षभर पुरतील. पदकानंतर देण्याची तजवीज बहुतेक सरकारांकडे आहे. पदकाच्या आठ वर्षे आधी, जेव्हा ते मूल वीस मुलांतले एक असते आणि त्यातले कोणते पुढे जाईल हे कोणालाच ठाऊक नसते, तेव्हा द्यायला कोणाच्या अंदाजपत्रकात रकाना नाही.

केंद्राची मदत आहे आणि ती चांगली आहे. २०१४ पासूनच्या ‘टॉप्स’ योजनेत निवडलेल्या नेमबाजांची काडतुसे, उपकरणे, परदेशी सराव यांचा खर्च शासन उचलते. रेल्वे, सेनादल, नौदल यांत असलेल्या नेमबाजांना संस्थेचा आधार असतो. क्रीडासाहित्यावरील सीमाशुल्काची सवलतसुद्धा राष्ट्रीय संघटना आणि नामवंत खेळाडू यांच्याभोवतीच आखलेली आहे. ही सगळी छत्री वरच्या मजल्यावर उघडलेली आहे. सप्टेंबर २०२६ मध्ये नागोयाला आशियाई स्पर्धा आहेत. त्या संघात जाणाऱ्यांना काडतूस कमी पडू नये याची काळजी घेतली जाईल. राज्य स्पर्धेत पहिल्या पाचात येणारी, राष्ट्रीय स्पर्धेला जाऊन मधल्या क्रमांकावर परतणारी अकरावी-बारावीची मुले त्या छत्रीबाहेर भिजत असतात. भाववाढ प्रत्यक्षात यांच्यावरच कोसळते, आणि पुढचा संघही यांच्यातूनच निवडायचा आहे.

गोव्यापुरते बोलायचे तर आपण नेमबाजीला अनोळखी राहिलेलो नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मधील ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे यजमानपद राज्याने केले, त्यांतील नेमबाजीचे सामने मांद्रे येथे रंगले, आणि गोव्याने एकूण ९२ पदके घेतली. स्पर्धेसाठी सुविधा उभारणे हे एकदा करायचे काम. काडतूस पुरवणे हे दर महिन्याचे, कंटाळवाणे, उद्घाटनाची फीत न कापता येणारे काम. आपल्या क्रीडा प्रशासनाची प्रकृती पहिल्या कामाला अधिक मानवते. शेजारच्या कोल्हापुरात उलट चित्र दिसते. दुधाळीची रेंज काही भव्य म्हणून नावाजलेली नाही. पण तेथून तेजस्विनी सावंत घडली, जी २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. सराव अखंड चालू राहिला, हे त्यामागचे साधे कारण आहे.

देशी काडतुसाचा पर्याय का नाही, असे कोणीही विचारील. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, वरणगावचा १९६४ चा. ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत आणि तिचे मुख्यालयही पुण्यातच. खडकीच्या शिक्क्याची .२२ काडतुसे जुन्या नेमबाजांच्या हाताखालून गेलेली आहेत. नवशिक्यांना पवित्रा आणि आवाज-धक्क्याची ओळख करून देण्यापुरता देशी माल उपयोगी आहे. स्पर्धेसाठी मात्र सगळे आयात मालावरच विसंबतात, कारण तेथे प्रश्न एका काडतुसाच्या चांगलेपणाचा नसून पन्नास हजार काडतुसांच्या एकसारखेपणाचा असतो. ते साधण्यासाठी वेगळी यंत्रसामग्री, वेगळी तपासणी आणि तोटा सोसून काही वर्षे टिकण्याची तयारी लागते. संरक्षण खात्याच्या मागण्यांनी भरलेल्या कारखान्याला क्रीडा खात्याने आगाऊ मागणी आणि पैसा दिल्याशिवाय हे काम अंगावर घ्यायचे काही कारण नाही. पाच वर्षांत हे होऊ शकेल. पुढच्या हंगामात होणार नाही.

कायद्याच्या बाजूनेही बोलायला हवे, कारण काडतूस म्हणजे बॅडमिंटनचे फूल नव्हे. (तेही पिसांच्या टंचाईने २०२५ मध्ये महागले, आणि त्याची चर्चा मात्र घरोघर झाली.) परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील आणि एका वेळी किती बाळगता येतील, याच्या मर्यादा असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहखात्याने खेळाडूंसाठी त्या बऱ्याच सैल केल्या. सैल मर्यादांचा गैरफायदाही घेतला जातो. खेळाच्या नावावर आणलेली शस्त्रे आणि काडतुसे भलत्या हातांत गेल्याची प्रकरणे देशात उघडकीस आलेली आहेत. भाव चढला की हा मोह वाढतो, आणि मग प्रामाणिक नेमबाजाच्या प्रत्येक खोक्याकडे पोलीस ठाण्यात संशयाने पाहिले जाते. राज्यस्तरावर एकच साठा ठेवून रेंजवरच मोजून गोळ्या दिल्या आणि झाडलेल्या नळ्या मोजून परत घेतल्या, तर खर्च आणि संशय दोन्ही कमी होतात. घरी काडतूस न्यावेच लागत नाही.

माझ्या मते गोव्याने करण्याजोगी गोष्ट हीच आहे. गोवा क्रीडा प्राधिकरण आणि राज्याची रायफल संघटना यांनी मिळून वर्षाची गरज एकत्र मोजावी, एकच मोठी मागणी राष्ट्रीय संघटनेमार्फत नोंदवावी, दोन-तीन लॉटचे नमुने मागवून राज्यातील रायफलींवर त्यांची चाचणी घ्यावी आणि जो बहुतेकांना मानवेल तो उचलावा. माल कोरड्या, थंड जागी ठेवावा. आपल्या दमट हवेत, मेणचट वंगण लावलेली शिशाची गोळी चार महिने कपाटात पडली की तिची कळा जाते. राज्य स्पर्धेत ठरावीक गुणांच्या वर असलेल्या मुलांना वर्षाला ठरावीक गोळ्या निम्म्या किमतीत द्याव्यात. किमान गुण पुढच्या वर्षी टिकवले नाहीत तर सवलत दुसऱ्याकडे जाईल, एवढी एक अट पुरे. आठ-दहा मुलांसाठी हा खर्च एखाद्या क्रीडामहोत्सवाच्या मंडपाहून अधिक होईल असे वाटत नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्तही आहे. फुटबॉलच्या मैदानावर गवत नाही, शाळांत क्रीडाशिक्षक पुरेसे नाहीत. अशा वेळी दहा मुलांच्या गोळ्यांवर सरकारने का खर्च करावा? ज्या खेळात साहित्य रोज जळून जाते, तो खेळ श्रीमंतांचाच राहू द्यावा, असे म्हणणारेही भेटतात. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिचे संस्थापक-अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर होते. बडोद्यात जन्मलेला, अहमदाबादेत वकिली केलेला हा मराठी माणूस पुढे पहिल्या लोकसभेचा अध्यक्ष झाला. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही नेमबाजांच्या परिचयाची आहे. शिकारखान्यांपुरती असलेली रायफल सामान्य नागरिकाच्या खेळात यावी, हा त्या संस्थेचा अर्थ होता, आणि कांबळवाडीच्या मुलाने तो खरा करून दाखवला. आता केवळ चलनदराच्या आणि दूरच्या युद्धाच्या जोरावर ती पुन्हा मोजक्या घरांच्या भिंतीवर परतणार असेल, तर तसा निर्णय निदान कोणीतरी उघडपणे घेतलेला असावा. आज तो कोणीही न घेता आपोआप होत आहे.

कारखान्यांकडे मागण्या तुंबलेल्या असताना आज नोंदवलेला माल हाती यायला महिनोन्‌महिने जातात. त्यात परवान्याचे आणि बंदरातील सोपस्कारांचे आठवडे वेगळे. जून ते सप्टेंबर उघड्या रेंजवरचा सराव तसाही मंदावतो. नमुने तपासायला आणि कागदपत्रे हलवायला तोच काळ सोयीचा. यंदाच्या पावसाळ्याआधी राज्याची एकत्रित गरज कागदावर आली नाही, तर पुढच्या हंगामातही मुले मिळेल त्या लॉटची उरलीसुरली खोकी घेऊनच रेंजवर उभी राहतील.